हवाई अपघातांचे चौकशी अहवाल : कारणांची भाषा आणि नियंत्रकाची नैतिकता

हवाई अपघाताचा चौकशी अहवाल हा सामान्यतः अभियंते, वैमानिक आणि वकील यांच्याच वाचनाचा विषय समजला जातो. वाङ्मयीन किंवा वैचारिक चिकित्सेच्या कक्षेत तो सहसा येत नाही. वस्तुतः असा अहवाल हे एक कथन असते. त्याला आरंभ असतो, घटनाक्रम असतो, पात्रे असतात आणि अखेरीस ‘संभाव्य कारण’ या शीर्षकाखाली एक निर्णायक विधान असते. कथनाचा आरंभ कोणत्या क्षणापासून करावयाचा, वाक्यात कर्ता कोणास करावयाचे, कोणती बाब मुख्य विधानात आणि कोणती पुरवणीत घालावयाची, हे निर्णय भाषेचे असतात. त्यांचे परिणाम मात्र माणसांच्या आयुष्यावर होतात.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजेच इकाओ, हिच्या परिशिष्ट १३ नुसार अपघात चौकशीचे एकमेव उद्दिष्ट भावी अपघात टाळणे हे आहे. दोष अथवा दायित्व निश्चित करणे हे तिचे कार्य नव्हे. हे तत्त्व जवळजवळ प्रत्येक अहवालाच्या प्रारंभी छापलेले असते. तथापि वृत्तपत्रे, न्यायालये आणि मृतांचे नातेवाईक अहवाल वाचतात तो नेमके तेच शोधण्यासाठी. मराठीत चूक, त्रुटी, दोष आणि अपराध असे निरनिराळ्या वजनाचे चार शब्द उपलब्ध असूनही अपघाताच्या बातमीत ‘मानवी चूक’ हा एकच शब्द या चारही अर्थांनी वापरला जातो, आणि त्यातील ‘मानव’ म्हणजे बहुधा शेवटचे बटण दाबणारा किंवा शेवटचे वाक्य बोलणारा माणूस असतो. या प्रवृत्तीला अहवालांची रचनाही काही अंशी जबाबदार आहे काय, हा येथील प्रश्न आहे. हवाई वाहतूक नियंत्रकाच्या बाबतीत तो विशेष तीव्र होतो. नियंत्रक विमान चालवीत नाही. तो केवळ बोलतो. अहवालातही तो बहुतेक वेळा बोलतो त्या क्षणापुरताच दिसतो.

हवामान : दैवापासून माहितीपर्यंत

एके काळी वादळात सापडलेले विमान ही दैवी आपत्ती मानली जात असे आणि कोणाला जबाबदार धरण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नसे. ही समजूत बदलण्यास २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाजवळ झालेला ईस्टर्न एअरलाइन्सच्या ६६ क्रमांकाच्या उड्डाणाचा अपघात मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरला. बोइंग ७२७ जातीचे हे विमान गडगडाटी ढगाखालून उतरत असताना धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले आणि ११३ जण मृत्युमुखी पडले. शिकागो विद्यापीठातील जपानी वंशाचे हवामानशास्त्रज्ञ तेत्सुया फुजिता यांनी या अपघाताचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले, की ढगातून थंड हवेचा झोत वेगाने खाली येतो आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरतो. अशा झोतात शिरणाऱ्या विमानाला प्रथम समोरचा वारा लागतो आणि त्याचा उठाव वाढतो. वैमानिक स्वाभाविकपणे शक्ती कमी करतो. पुढच्याच काही सेकंदांत तो वारा वरून खाली आणि नंतर पाठीमागून लागतो, तेव्हा विमानापाशी ना वेग उरतो ना उंची. झोताच्या लहान आवृत्तीस ‘मायक्रोबर्स्ट’ हे नाव फुजिता यांनीच दिले. आरंभी अनेक सहकाऱ्यांना ही कल्पना पटली नव्हती. पुढे डॉप्लर रडारच्या साहाय्याने झालेल्या क्षेत्रीय निरीक्षणांनी ती मान्य झाली.

ही कथा विज्ञानाच्या विजयाची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेही. परंतु त्याच अपघाताच्या अहवालातील दुसरी एक बाब या विजयकथेत हरवते. ईस्टर्न ६६ च्या काही मिनिटे आधी उतरलेल्या एका मालवाहू विमानाच्या वैमानिकाने धावपट्टीजवळ वाऱ्यात तीव्र बदल होत असल्याचे नियंत्रकास कळविले होते आणि धावपट्टी बदलण्याची सूचनाही केली होती. त्यानंतरच्या आणखी एका विमानाने तर उतरण्याचा प्रयत्न सोडून दिला. तरीही धावपट्टी बदलली गेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने प्रतिकूल वारे आणि वैमानिकांना झालेला विलंब हे कारण नोंदवून, मार्गावर हवामानाचा गंभीर धोका असल्याचे नियंत्रक व वैमानिक या दोघांनाही कळावयास हवे असताना तीच धावपट्टी वापरात ठेवली गेली, ही गोष्ट साहाय्यकारी घटक म्हणून नमूद केली. ती धावपट्टी का बदलली गेली नाही, गर्दीच्या वेळी विमानांची रांग उलट फिरविण्याचा भार किती असतो, तो निर्णय घेण्याचा अधिकार आणि त्याची किंमत कोणाकडे असते, हे प्रश्न कारणाच्या विधानात मात्र शिरत नाहीत.

२ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस येथे डेल्टा एअरलाइन्सचे १९१ क्रमांकाचे विमान मायक्रोबर्स्टमध्ये सापडले आणि १३७ जण मरण पावले. या वेळी मंडळाने विजा चमकत असलेल्या ढगात शिरण्याच्या वैमानिकांच्या निर्णयाबरोबरच प्रशिक्षणाचा आणि तत्क्षणी मिळावयाच्या माहितीचा अभाव हीदेखील कारणेच मानली. १९९४ मधील शार्लट येथील अपघातानंतर, ज्यात ३७ जणांचा बळी गेला, हवामानाची ताजी माहिती नियंत्रण कक्षाकडून वैमानिकापर्यंत न पोहोचणे याला संभाव्य कारणांत स्थान मिळाले. दोन दशकांत वादळ हे दैव राहिले नाही, ते माहिती झाले. माहिती झाल्याबरोबर ती सांगण्याचे कर्तव्य उत्पन्न झाले आणि ते कर्तव्य प्रामुख्याने नियंत्रकाच्या वाट्यास आले. विमानतळांवर विशेष रडार बसले, विमानांत पूर्वसूचना देणारी उपकरणे आली आणि अमेरिकेत अशा प्रकारचे अपघात जवळजवळ थांबले. हवामानाच्या बाबतीत चौकशीची भाषा ‘कोण’ कडून ‘काय’ कडे वळली, त्याचे हे फळ होय. नियंत्रकाच्या बाबतीत तसे वळण इतक्या सहज आले नाही.

चरखी दादरी : निर्दोष नियंत्रक

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियन एअरलाइन्सचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तान एअरलाइन्सचे इल्युशिन ७६ यांची टक्कर होऊन दोन्ही विमानांतील सर्व ३४९ व्यक्ती ठार झाल्या. आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन झालेल्या अपघातांत मृतांची इतकी मोठी संख्या आजवर दुसरी नाही. न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशीत असे निष्पन्न झाले, की कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहण्याची सूचना असताना ते विनापरवाना खाली, सौदी विमानाच्या १४,००० फुटांच्या पातळीकडे आले. कझाक कर्मचाऱ्यांचे इंग्रजीचे अपुरे ज्ञान आणि परस्पर समन्वयाचा अभाव यांवर अहवालाने बोट ठेवले. ढगातील प्रक्षोभामुळे विमान खाली आले, हा कझाक बाजूचा युक्तिवाद ग्राह्य धरला गेला नाही. दिल्लीच्या नियंत्रकाने उंची सांगितली होती, समोरून येणाऱ्या विमानाची माहिती दिली होती, ते दिसते काय हेही विचारले होते. तो निर्दोष ठरला, आणि ते योग्यच झाले.

तथापि ‘निर्दोष’ या शब्दाने चर्चा संपते, ही या अहवालाच्या स्वीकारातील उणीव आहे. त्या काळी दिल्लीत वापरात असलेले प्राथमिक रडार विमानाचे स्थान दाखवीत असे, उंची दाखवीत नसे. वैमानिक जी उंची सांगेल तीच नियंत्रकाला खरी मानावी लागे. आकाशाचा मोठा भाग हवाई दलासाठी राखीव असल्याने येणारी आणि जाणारी विमाने एकाच मार्गिकेतून परस्परांच्या समोरून आणली जात. नियंत्रकाचे प्रत्येक वाक्य नियमानुसार होते. पण ज्या खोलीत बसून तो ते बोलत होता तेथून कझाक विमान खाली सरकत आहे हे त्याला दिसू शकत नव्हते. येण्याजाण्याच्या मार्गिका वेगळ्या करणे आणि विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा बसविणे या गोष्टी शिफारशींच्या भागात आल्या व पुढे अंमलातही आल्या. म्हणजे अहवालाला त्या ठाऊक होत्या. परंतु ‘कारण’ या स्तंभात कझाक कर्मचारी राहिले आणि आंधळे रडार ‘सुधारणा’ या स्तंभात गेले. लोकांच्या स्मरणात टिकतो तो पहिला स्तंभ.

उबरलिंगन : त्रेचाळीस सेकंद आणि कित्येक वर्षे

चरखी दादरीनंतर ज्या यंत्रणेची शिफारस झाली ती टीकॅस यंत्रणा १ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीतील उबरलिंगनच्या आकाशात दोन्ही विमानांत बसविलेली होती आणि सुरळीत चालूही होती. बश्किरियन एअरलाइन्सचे तुपोलेव्ह १५४ आणि डीएचएलचे मालवाहू बोइंग ७५७ एकाच ३६,००० फुटांच्या पातळीवरून एकमेकांच्या मार्गावर येत होती. रशियन विमानात ६९ जण होते, त्यांत बहुसंख्य ऊफा येथून स्पेनला सुट्टीसाठी निघालेली शाळकरी मुले. मालवाहू विमानात दोन वैमानिक. आकाशाचा तो तुकडा जर्मनीचा असला तरी त्याचे नियंत्रण झ्युरिक येथून स्कायगाइड ही स्विस कंपनी करीत असे.

झ्युरिकच्या कक्षात त्या वेळी एकच नियंत्रक काम करीत होता. दुसरा सहकारी विश्रांतीला गेला होता. तंत्रज्ञांचे काम चालू असल्याने रडार प्रणाली दुय्यम अवस्थेत होती आणि पडद्यावरील धोक्याची दृश्य सूचना उपलब्ध नव्हती. मुख्य दूरध्वनी व्यवस्था बंद होती, पर्यायी वाहिनी सदोष होती. उशिराने आलेले एक विमान फ्रीडरिशहाफेनला उतरवायचे असल्याने नियंत्रकाला दोन वेगवेगळ्या पडद्यांसमोर ये-जा करावी लागत होती. शेजारच्या कार्ल्सरूहे केंद्रातील नियंत्रकाला संभाव्य टक्कर दिसली, तो झ्युरिकला वारंवार फोन करीत राहिला. फोन लागला नाही.

रात्री ११ वाजून ३४ मिनिटे ४९ सेकंदांनी नियंत्रकाने तुपोलेव्हला खाली येण्यास सांगितले. सात सेकंदांनी टीकॅसने त्याच विमानाला वर जाण्याचा आणि बोइंगला खाली जाण्याचा आदेश दिला. रशियन सहवैमानिकाने यंत्र वर जाण्यास सांगत असल्याचे लक्षात आणून दिले. परंतु नियंत्रक खाली आणीत आहे, या समजाने विमान खालीच येत राहिले. नियंत्रकाने आदेश पुन्हा दिला. बोइंगच्या वैमानिकांनी आपण टीकॅसनुसार खाली जात असल्याचे कळविले, ते त्याच्या कानापर्यंत पोहोचले नाही. ११ वाजून ३५ मिनिटे ३२ सेकंदांनी टक्कर झाली. पहिल्या आदेशापासून त्रेचाळीस सेकंद. ७१ मृत.

जर्मन चौकशी संस्थेचा मे २००४ मधील अहवाल या प्रकारच्या लेखनातील उत्तम नमुन्यांपैकी एक आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. त्याने तात्कालिक आणि व्यवस्थात्मक अशी कारणांची फोड केली. तात्कालिक कारणे दोन : नियंत्रणाला विमानांतील अंतर कमी होत असल्याचे वेळेवर लक्षात आले नाही, आणि तुपोलेव्हच्या कर्मचाऱ्यांनी टीकॅसच्या विरुद्ध दिशेने विमान नेले. व्यवस्थात्मक कारणांत टीकॅसविषयीचे आंतरराष्ट्रीय व राष्ट्रीय नियम आणि उत्पादकांच्या सूचना अपुऱ्या व काही अंशी परस्परविरोधी होत्या, हे पहिले; रात्री सर्व उघड्या जागांवर सतत माणूस असेल याची कंपनीच्या व्यवस्थापनाने खात्री केली नाही, हे दुसरे; आणि कमी वाहतुकीच्या वेळी एकच नियंत्रक काम करतो व दुसरा विश्रांती घेतो ही प्रथा व्यवस्थापनाने वर्षानुवर्षे सहन केली, हे तिसरे. ‘सहन केली’ हे क्रियापद अहवालातील सर्वांत धाडसी शब्द होय. ‘माहीत नव्हते’ ही सबब ते शिल्लक ठेवत नाही.

परंतु या रचनेतच एक गोम आहे. तात्कालिक कारणे सेकंदांत मोजलेली आहेत, व्यवस्थात्मक कारण वर्षांत. कथन मात्र सेकंदांच्या मापाने लिहिलेले आहे. ज्या रात्री व्यवस्थापनातील कोणी प्रथम ही प्रथा पाहून गप्प बसले, त्या रात्रीची वेळ अहवालात नाही. असूही शकत नाही, कारण गप्प बसण्याचे ध्वनिमुद्रण होत नाही. नियंत्रकाचे प्रत्येक वाक्य सेकंदासह उपलब्ध आहे. पुराव्याचे हे असंतुलन अहवालाने निर्माण केलेले नाही, पण कारणांच्या क्रमात तात्कालिकाला पहिले स्थान देऊन त्याने ते मान्य केले आहे. क्रम उलटा असता तर तथ्ये तीच राहिली असती. वाचन मात्र तेच राहिले असते असे म्हणता येत नाही.

हा केवळ शैलीचा मुद्दा नाही. अपघातात पत्नी आणि दोन मुले गमावलेल्या एका वास्तुविशारदाने २४ फेब्रुवारी २००४ रोजी झ्युरिकजवळच्या क्लोटन येथे त्या नियंत्रकाच्या घरी जाऊन त्याचा खून केला. अहवाल तीन महिन्यांनी आला. ज्या वाचकाला ‘व्यवस्थात्मक कारणे’ हे प्रकरण सर्वाधिक आवश्यक होते, त्याने त्यापूर्वीच आपला निवाडा केलेला होता. कंपनीने जबाबदारी पूर्णपणे स्वीकारून नातेवाइकांची क्षमा मागितली ती अहवालानंतर. आरोपीला २००५ मध्ये आठ वर्षांची शिक्षा झाली, ती पुढे कमी होऊन २००७ मध्ये तो सुटला. त्याच वर्षी स्विस न्यायालयाने कंपनीच्या आठ कर्मचाऱ्यांपैकी चौघांना निष्काळजीपणे मृत्यूस कारणीभूत झाल्याबद्दल दोषी ठरविले. तिघांना स्थगित कारावास, एकाला दंड. व्यवस्थेला नावे मिळाली, पण पाच वर्षांनी.

येथे एक आक्षेप गांभीर्याने घ्यावयास हवा. सर्वच दोष व्यवस्थेवर ढकलला तर कोणीच उत्तरदायी उरत नाही, आणि ज्याचे कुटुंब गेले त्याच्या हाती ‘अपुरे एकात्मीकरण’ यासारखा शब्द ठेवणे ही एक प्रकारची क्रूरता होय. हा आक्षेप खरा आहे. अहवालाची भाषा शोकाकुल माणसाशी बोलण्यासाठी घडलेली नाही. क्षमा मागणे हे अहवालाचे काम नव्हे, संस्थेचे आहे. आणि अहवालाची वाट पाहत संस्थेने ते वीस महिन्यांहून अधिक काळ लांबणीवर टाकले, यातच नैतिक अपयश आहे. त्या काळात उत्तर देण्यासाठी फक्त एक माणूस उघड्यावर होता.

कायद्याची उत्तरेही एकसारखी नाहीत. उबरलिंगनच्या दीड वर्ष आधी, ३१ जानेवारी २००१ रोजी जपानमध्ये जवळजवळ हीच घटना घडली होती. प्रशिक्षणार्थी नियंत्रकाने चुकीचा उड्डाण क्रमांक उच्चारला, एका विमानाने टीकॅसऐवजी त्याचे ऐकले, आणि जपान एअरलाइन्सची दोन विमाने अगदी थोडक्यात वाचली. सुमारे शंभर प्रवासी जखमी झाले. तेथे प्रशिक्षणार्थी आणि त्याचा पर्यवेक्षक या दोघांवर फौजदारी खटला झाला. २००६ मध्ये ते सुटले, २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. याउलट डेन्मार्कने २००१ मध्येच कायदा करून नियंत्रकांना आपल्या चुका नोंदविणे बंधनकारक केले आणि त्या नोंदींचा शिक्षेसाठी वापर करण्यास मनाई केली. नोंदींची संख्या पहिल्याच वर्षी कित्येक पटींनी वाढली. (उबरलिंगनचा नियंत्रक डॅनिश होता, हा योगायोग.) जपानच्या न्यायालयाचा तर्क सदोष नव्हता. क्रमांक चुकीचा उच्चारला गेला होता, इजा झाली होती. पण पुढच्या वेळी ओठांवर आलेला चुकीचा क्रमांक कोणी आपणहून सांगेल काय, या प्रश्नाला त्या निकालपत्रात जागा नव्हती. वैमानिकाने नियंत्रकाचे ऐकावे की यंत्राचे, हा मूळ संभ्रम मात्र इकाओने २००३ मध्ये नियम स्पष्ट करून दूर केला : आदेश परस्परविरोधी असतील तर टीकॅसचे पाळावे. तो नियम आधीच निःसंदिग्ध असता तर दोन्ही प्रसंगी नियंत्रकाची चूक ही निस्तरता येण्याजोगी चूक राहिली असती.

कोळिकोड : मनोऱ्यातील अनुपस्थिती

भारतात २०१२ पासून विमान अपघात अन्वेषण ब्यूरो कार्यरत आहे, आणि हवामान व नियंत्रण हे दोन्ही धागे एकत्र येतात तो त्याचा अहवाल कोळिकोडचा आहे. ७ ऑगस्ट २०२० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान भर पावसात पठारावरील धावपट्टीच्या टोकापलीकडे जाऊन कोसळले. १९० पैकी २१ जण मृत्युमुखी पडले, त्यांत दोन्ही वैमानिक होते. सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने विमान चालविणाऱ्या वैमानिकाने प्रमाणित कार्यपद्धती न पाळणे हे संभाव्य कारण ठरविले : अस्थिर अवस्थेत उतरणे चालू ठेवले, चाके निम्म्या धावपट्टीनंतर टेकली, सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्यास सांगितले तरी ते केले नाही. विमानकंपनीतील व्यवस्थात्मक दोषही साहाय्यकारी म्हणून नोंदविले गेले. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत पहिला भाग ठळक होता.

त्याच अहवालात मनोऱ्याविषयीच्या नोंदी आहेत. दुसऱ्या एका विमानाच्या उड्डाणाच्या सोयीसाठी वापरातील धावपट्टी घाईने बदलण्यात आली. ओल्या धावपट्टीवर पाठीमागून वारा असताना उतरणाऱ्या विमानावर त्याचा काय परिणाम होईल याचा विचार झाला नाही. आणि त्या वाऱ्याच्या जोराबद्दल वैमानिकाला सावध केले गेले नाही. न्यूयॉर्कला १९७५ मध्ये धावपट्टी बदलली नाही म्हणून, कोळिकोडला २०२० मध्ये बदलली म्हणून. प्रश्न दोन्हीकडे एकच, की निर्णय घेताना कोणत्या विमानाची सोय डोळ्यांसमोर होती आणि वाऱ्याविषयी जे ठाऊक होते ते कोणाला सांगितले गेले. आणखी एक नोंद त्याहून शांत आहे. विमानतळावर एकाच वेळी हवामानाचे दोन इशारे लागू होते. अशा वेळी मनोऱ्यात हवामान अधिकाऱ्याने हजर असणे बंधनकारक असते. अपघाताच्या वेळी तो तेथे नव्हता.

झ्युरिकच्या कक्षातील विश्रांतीला गेलेला सहकारी आणि कोळिकोडच्या मनोऱ्यातील हा अनुपस्थित अधिकारी यांच्यात एक महत्त्वाचे साम्य आहे. दोघांचेही एकही वाक्य ध्वनिमुद्रणात नाही, म्हणून घटनाक्रमात त्यांना स्थान नाही. जर्मन अहवालाने निदान आपल्या खुर्चीची रिकामी जागा कारणांत नेली आणि ती कोणी, किती काळ सहन केली हे विचारले. भारतीय अहवालात ती नोंदींमध्ये राहते. ती अनुपस्थिती त्या एका संध्याकाळपुरती होती की तेथील नित्याची, हा प्रश्न संभाव्य कारणाच्या विधानात नाही.

१२ जून २०२५ च्या अहमदाबाद येथील अपघाताच्या प्राथमिक अहवालाने, जो एका महिन्याने प्रसिद्ध झाला, वैमानिकांमधील एका प्रश्नाचा आणि एका उत्तराचा गोषवारा दिला; ते कोणी कोणास म्हटले हे सांगितले नाही. एवढ्या मजकुरावर कित्येक आठवडे जगभरच्या वृत्तपत्रांत निवाडे झाले. हे अहवाल मूळ इंग्रजीत असतात. मराठी वाचकापर्यंत त्यांतील बहुधा एकच वाक्य पोहोचते, आणि ते प्रायः सेकंदांविषयीचे असते.